जुन्या, स्वस्त पार्टमधून ‘गेम बॉय’ घडवणारे गुनपेई योकोई आणि जुन्या गेमच्या किमतीचं गणित

छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे निघालं की वाटेत चितेगाव लागतं. व्हिडिओकॉनचे टीव्ही इथे बनायचे. धूत कुटुंबाची ही कंपनी पुढे दिवाळखोरीत गेली आणि ट्यूबचे ते जाडजूड टीव्ही हळूहळू भंगारवाल्याच्या गाड्यावर चढले. पण नव्वदच्या दशकात लहान असलेल्यांना त्या टीव्हीचा बातम्या आणि सिनेमांपलीकडचा एक उपयोग चांगलाच आठवत असेल. मागच्या बाजूला वायर खोचायची, चॅनल लावायचं, पिवळ्या कॅसेटला फुंकर मारून ती मशीनमध्ये दाबायची आणि प्लास्टिकच्या बंदुकीने स्क्रीनवरची बदकं पाडायची.

बदकं मारायचा तो गेम म्हणजे ‘डक हंट’. निन्टेंडो कंपनीच्या ज्या विभागात तो तयार झाला, त्याचे प्रमुख होते गुनपेई योकोई. जगातले हौशी संग्राहक आज ज्या जुन्या गेमसाठी आणि मशीनसाठी मोठ्या रकमा मोजतात, त्यातल्या कितीतरी या एका माणसाच्या हाताखालून गेल्या आहेत. गंमत म्हणजे महागडं काही बनवण्याच्या ते कायम विरोधात होते.

पत्त्यांच्या कारखान्यातला मेंटेनन्सवाला

योकोई यांचा जन्म १० सप्टेंबर १९४१ चा, जपानमधल्या क्योटोचा. तिथल्याच दोशिशा विद्यापीठातून त्यांनी इलेक्ट्रॉनिक्सचं शिक्षण घेतलं आणि १९६५ मध्ये घराजवळच्या एका कंपनीत नोकरी धरली. ती कंपनी म्हणजे निन्टेंडो.

पण थांबा. तेव्हाची निन्टेंडो व्हिडिओ गेम बनवत नव्हती. १८८९ मध्ये सुरू झालेली ही कंपनी पत्ते बनवायची. आपल्याकडे सावंतवाडीची गंजिफा प्रसिद्ध आहे, तशी जपानमध्ये फुलांची चित्रं असलेली ‘हानाफुदा’ पानं खेळली जातात. ही पानं छापणाऱ्या मशीन नीट चालतात की नाही हे बघणं, बिघडल्या तर दुरुस्त करणं, एवढंच योकोई यांचं काम होतं. इंजिनिअरच्या डोक्याला त्यात फारसा खुराक नव्हता.

मग रिकाम्या वेळात त्यांनी स्वतःच्या करमणुकीसाठी एक खेळणं बनवलं. दुकानांना असतं ते चॅनल गेट डोळ्यासमोर आणा. त्याच्या पट्ट्या जशा एकमेकींत अडकलेल्या असतात आणि दाबल्या की लांब होतात, तसाच लांब होणारा एक हात. टोकाला पकडायला चिमटा. दांडे जवळ आणले की हात सुटला समोर आणि लांबची वस्तू उचलली.

कंपनीचे अध्यक्ष हिरोशी यामाउची यांच्या हे नजरेस पडलं. कामाच्या वेळेत खेळत बसल्याबद्दल आता नोकरी जाणार, असं कुणालाही वाटलं असतं. झालं उलटंच. हेच खेळणं विकायला तयार करा, असा आदेश निघाला. १९६६ मध्ये ते ‘अल्ट्रा हँड’ या नावाने बाजारात आलं आणि त्याचे १२ लाखांहून जास्त नग खपले. मेंटेनन्समधला माणूस थेट खेळणी विभागात गेला.

त्या हातात नवं तंत्रज्ञान काहीच नव्हतं. पट्ट्या जोडून लांब करण्याची युक्ती जुनीच. योकोई यांनी तिचा वापर तेवढा बदलला. पुढची ३० वर्षं त्यांनी हेच केलं.

न सुटणारी गोळी

१९७० च्या सुमाराला सौर सेल, म्हणजे उजेड पडला की वीज तयार करणारे तुकडे, बाजारात मिळू लागले होते. शार्प कंपनीचे मासायुकी उएमुरा ते विकायला निन्टेंडोत यायचे. इतरांना त्यात विजेचा स्रोत दिसला, योकोई यांना निशाणा. बंदुकीतून प्रकाशाचा झोत सोडायचा, समोरच्या निशाणात सौर सेल बसवायचा, झोत बरोबर पडला की निशाण खाली. प्रकाशाने खेळायची ही बंदूक जपानमध्ये जोरात चालली. उएमुरा नंतर निन्टेंडोतच आले आणि ‘फॅमिकॉम’ हा कंपनीचा गाजलेला टीव्ही गेम त्यांनीच घडवला.

१९८४ च्या ‘डक हंट’मध्ये हीच युक्ती उलटी झाली. इथे बंदूक काही सोडत नाही, ती फक्त बघते. ट्रिगर दाबला की स्क्रीन क्षणभर काळी होते आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या नळीतल्या सेन्सरला तो उजेड दिसला की बदक पडलं. हे सगळं इतक्या झटपट होतं की खेळणाऱ्याला फक्त एक चमक जाणवते.

पण त्यासाठी टीव्ही ट्यूबचाच हवा. आजचा एलसीडी किंवा एलईडी टीव्ही चित्र दाखवण्याआधी त्यावर प्रक्रिया करतो आणि त्यात काही मिलिसेकंद जातात. तेवढ्यात बंदुकीचा हिशोब चुकतो. म्हणून ही जुनी बंदूक नव्या टीव्हीवर लावली तर एकही बदक पडत नाही. चांगल्या चालू स्थितीतल्या ट्यूब टीव्हीचा शोध जगभरचे जुने गेमवेडे आजही घेतात, त्यामागे हे एक कारण आहे.

रेल्वेतला कॅल्क्युलेटर

सत्तरचं दशक संपत आलं होतं. योकोई बुलेट ट्रेनने चालले होते. समोर एक नोकरदार माणूस कंटाळून कॅल्क्युलेटरची बटणं नुसतीच दाबत बसला होता. योकोई यांना वाटलं, याच्या हातात वेळ घालवायला, चारचौघांत लाज वाटणार नाही असं छोटंसं काहीतरी द्यायला हवं.

पुढे एकदा यामाउचींचा ड्रायव्हर आजारी पडला आणि त्यांची गाडी ओसाकाला न्यायची वेळ योकोई यांच्यावर आली. वाटेत त्यांनी ही कल्पना साहेबांच्या कानावर घातली. ओसाकाच्या बैठकीत यामाउचींच्या शेजारची खुर्ची नेमकी शार्पच्या अध्यक्षांची होती. कॅल्क्युलेटरच्या बाजारात तेव्हा कंपन्यांची जीवघेणी स्पर्धा चालू होती. स्क्रीन आणि चिप ढिगाने आणि स्वस्तात मिळत होत्या.

त्यातूनच एप्रिल १९८० मध्ये ‘गेम अँड वॉच’ आला. खिशात मावणारा, एकच गेम असलेला आणि वेळही दाखवणारा. १९९१ पर्यंत याचे वेगवेगळे प्रकार मिळून ४ कोटी ३४ लाख नग विकले गेले.

१९८२ मध्ये याच मालिकेत ‘डॉन्की काँग’ आला तेव्हा एक अडचण उभी राहिली. गेममध्ये चारही दिशांना हलायचं होतं, पण वर आलेली दांडी असेल तर डबी खिशात कशी जाणार? योकोई यांनी अधिकच्या चिन्हासारखं चपटं बटण बसवलं. एकच अंगठा, चार दिशा. हे बटण पुढे फॅमिकॉमच्या रिमोटवर गेलं, तिथून त्याच्या नकलांवर आणि मग जवळजवळ प्रत्येक कंपनीच्या रिमोटवर. ‘लिटिल मास्टर’ किंवा ‘मीडिया’ अशा नावांनी भारतात विकल्या गेलेल्या मशीनवर ज्याने गेम खेळला, त्याचा अंगठा योकोई यांच्या बटणावरून फिरलेला आहे.

मूळ ‘डॉन्की काँग’चा जन्मही जुन्या मालातूनच झाला. निन्टेंडोच्या ‘रडार स्कोप’ या गेमची कपाटाएवढी मशीन अमेरिकेत पडून राहिली होती. तीच वापरून नवा गेम करायचं ठरलं. काम मिळालं शिगेरू मियामोटो या तरुण चित्रकाराला आणि देखरेख होती योकोई यांची. १९८१ च्या त्या गेममधला उड्या मारणारा सुतार पुढे मारिओ म्हणून जगाला माहीत झाला.

अंधाऱ्या ग्रहावरची एकटी योद्धा

ऑगस्ट १९८६ मध्ये योकोई यांच्या विभागाने ‘मेट्रॉइड’ आणला. निर्माते स्वतः योकोई. त्या काळातले बहुतेक ॲक्शन गेम डावीकडून उजवीकडे पळायचे. शत्रू आला की मारा आणि पुढे जा. मेट्रॉइडमध्ये तुम्ही एका परक्या ग्रहाच्या पोटात एकटे असता. रस्ता कुणी दाखवत नाही. एखादं दार उघडत नाही, मग दुसरीकडे भटकून नवी शक्ती मिळवायची आणि परत त्याच दारापाशी यायचं. ॲक्शन गेमची एक अख्खी जातच यातून सुरू झाली.

आणि शेवटी धक्का. गेम पुरेशा वेगाने संपवला की चिलखताखालची सामुस आरान ही बाई आहे हे कळायचं. १९८६ मध्ये हे फार कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

मेट्रॉइडची जुनी कॅसेट आज संग्राहकांच्या यादीत हमखास असते. पण कॅसेटची किंमत ठरते कशी, हे समजून घ्यायला आधी गेम बॉयकडे जावं लागेल.

हिरवट स्क्रीनची बाजी

२१ एप्रिल १९८९ ला जपानमध्ये गेम बॉय आला. तेव्हा कुणी तुलना केली असती तर तो हरलेलाच होता. स्क्रीन हिरवट, रंगाच्या नावाने चार छटा. आत दिवा नाही, म्हणजे अंधारात खेळता येणार नाही. चिपही जुन्या पठडीतली. त्याच वर्षी अटारीचा ‘लिंक्स’ आला आणि पुढच्या वर्षी सेगाचा ‘गेम गिअर’. दोन्ही रंगीत, दोन्ही झगमगीत.

पण गेम गिअरला सहा सेल लागायचे आणि ते काही तासांत संपायचे. गेम बॉय चार पेन्सिल सेलवर कितीतरी जास्त वेळ चालायचा. किंमतही कमी आणि पडला-झडला तरी चालू. लांबच्या प्रवासात मुलाच्या हातात रंगीत पण बंद पडलेली डबी द्यायची की हिरवट पण चालू असलेली, याचं उत्तर आईबापांनी दुकानात दिलं. गेम बॉय आणि त्याची नंतरची रंगीत आवृत्ती मिळून जवळपास ११ कोटी ८७ लाख नग विकले गेले.

योकोई यांचा विचार थोडक्यात असा: जे तंत्रज्ञान वापरून वापरून स्वस्त आणि भरवशाचं झालंय तेच घ्यायचं आणि आजवर कुणी केला नाही असा त्याचा उपयोग शोधायचा. खेळणाऱ्याला नवा खेळ हवा असतो, नवी चिप नाही.

आखाती युद्धाच्या वेळी बॉम्बहल्ल्यात भाजलेला एक गेम बॉय निन्टेंडोच्या न्यूयॉर्कमधल्या दुकानात अनेक वर्षं ठेवलेला होता. प्लास्टिक वितळून काळं झालेलं, पण आतला गेम चालू. त्याला संग्राहकाच्या बाजारात स्थितीप्रमाणे गुण द्यायचे झाले तर शून्यच मिळतील. तरी तो बघायला लोक थांबायचे.

एक लाल फसगत

१९९५ मध्ये योकोई यांचा ‘व्हर्च्युअल बॉय’ आला. स्टँडवर ठेवायचा, त्यात डोळे खुपसायचे आणि खोली असलेलं चित्र बघायचं. इथेही सूत्र तेच होतं. लाल एलईडी स्वस्त आणि कमी वीज खाणारे, म्हणून सगळं चित्र काळ्यावर लाल. पण या वेळी गणित चुकलं. डोकं दुखतं, मान अवघडते, चारचौघांत मिळून खेळता येत नाही अशा तक्रारी आल्या. फक्त २२ गेम निघाले, सुमारे ७ लाख ७० हजार नग खपले आणि वर्षभरात निन्टेंडोने तो गुंडाळला.

ज्या माणसाने कंपनीला कोट्यवधींचा धंदा दिला, त्याची ओळख अचानक या एका अपयशावरून होऊ लागली. योकोई यांनी त्यानंतर आटोपशीर ‘गेम बॉय पॉकेट’चं काम पूर्ण केलं आणि ऑगस्ट १९९६ मध्ये, ३१ वर्षांच्या नोकरीनंतर निन्टेंडो सोडली. व्हर्च्युअल बॉयमुळे ते गेले असं आजही सांगितलं जातं. स्वतंत्र काम करायचं मात्र त्यांच्या मनात आधीपासून होतं. क्योटोतच त्यांनी ‘कोतो’ नावाची छोटी कंपनी काढली आणि बान्दाईसाठी नव्या हातातल्या गेमवर काम सुरू केलं.

४ ऑक्टोबर १९९७. इशिकावा भागातल्या होकुरिकू द्रुतगती मार्गावर योकोई बसलेल्या गाडीची पुढच्या ट्रकला धडक बसली. नुकसान किती झालंय ते बघायला ते खाली उतरले आणि मागून आलेल्या दुसऱ्या गाडीने त्यांना उडवलं. ते ५६ वर्षांचे होते.

बान्दाईचा तो ‘वंडरस्वान’ १९९९ मध्ये आला. एकाच पेन्सिल सेलवर चालणारा. त्याच्यासोबत आलेल्या कोड्याच्या गेमला त्यांच्याच नावावरून ‘गुनपे’ असं नाव दिलं गेलं. २००३ मध्ये अमेरिकेतल्या गेम बनवणाऱ्यांच्या परिषदेत त्यांना मरणोत्तर जीवनगौरव पुरस्कार मिळाला.

मग जुन्या गेमची किंमत ठरते कशी?

खपलेला नसल्याने व्हर्च्युअल बॉय दुर्मिळ झाला आणि दुर्मिळ झाल्याने संग्राहकांना हवासा. त्याच्या शेवटी शेवटी आलेल्या काही गेमना तर गाजलेल्या गेमपेक्षा जास्त भाव येतो. म्हणजे पहिला नियम असा: गेम चांगला आहे म्हणून तो महाग होत नाही. तो किती जणांना हवाय आणि किती शिल्लक आहे, यावर भाव ठरतो.

दुसरा नियम स्थितीचा. नुसती कॅसेट सगळ्यात स्वस्त. खोका आणि माहितीपुस्तिका सोबत असेल तर भाव कितीतरी वाढतो, कारण लहानपणी खोका सगळ्यात आधी कचऱ्यात जायचा. आणि कारखान्यातून आला तसा, प्लास्टिकचं वेष्टनही न उघडलेला असेल, तर तो वेगळ्याच बाजारात जातो. तिथे खासगी संस्था गेम तपासून त्याला गुण देतात आणि पारदर्शक पेटीत कायमचा बंद करतात. जुलै २०२१ मध्ये ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ची अशी एक प्रत लिलावात ८ लाख ७० हजार डॉलरला गेली, म्हणजे तेव्हाचे साधारण साडेसहा कोटी रुपये. दोनच दिवसांनी ‘सुपर मारिओ ६४’ला १५ लाख ६० हजार डॉलर मिळाले. या भावांवर टीकाही बरीच झाली. चार-दोन लिलावांचे आकडे बघून घरातल्या कॅसेटचा भाव लावणं म्हणजे एका बंगल्याच्या किमतीवरून अख्ख्या गावाचा हिशोब करणं.

तिसरा नियम अस्सलपणाचा आणि आपल्यासाठी तोच महत्त्वाचा. भारतात ज्या कॅसेट घरोघरी होत्या त्यातल्या बहुतेक नकली. वर हजारो गेमचा आकडा आणि आत तेच मोजके गेम नाव बदलून पुन्हा पुन्हा. अशी कॅसेट उघडली की हिरव्या पट्टीवर डांबराच्या ठिपक्यासारखा काळा थेंब दिसतो, त्याच्याखाली चिप असते. अस्सल कॅसेटच्या पट्टीवर निन्टेंडोचं नाव आणि पायांच्या वेगळ्या चिप दिसतात. लेबलची छपाई अंधुक असेल, अक्षरं चुकलेली असतील, तर लगेच पैसे देऊ नका. ऑनलाइन विकत घेताना आतल्या पट्टीचा फोटो मागणं हा सगळ्यात स्वस्त विमा आहे.

माळ्यावर मशीन सापडलं तर एवढं करा. कॅसेटला फुंकर मारू नका, तोंडातल्या दमटपणाने तांब्याच्या पट्ट्या गंजतात. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा. काही कॅसेटमध्ये गेम सेव्ह करायला बटणासारखा सेल असतो, तो जुना झाला की सेव्ह केलेलं सगळं जातं. आणि ट्यूबचा टीव्ही स्वतः उघडायच्या फंदात पडू नका, बंद असला तरी आत धोकादायक विजेचा साठा राहू शकतो.

अशा नकली कॅसेटला लिलावात जागा नाही, हे खरं. पण पेटीत बंद झालेल्या कोट्यवधींच्या गेमला एक गोष्ट कधीच जमणार नाही. तो कुणी खेळू शकत नाही, कारण वेष्टन फाडलं की किंमत संपली. योकोई यांनी आयुष्यभर ज्या वस्तू केल्या त्या याच्या अगदी उलट होत्या. स्वस्त, वापरून झिजणाऱ्या, एका हातातून दुसऱ्या हातात जाणाऱ्या. जुना गेम विकत घेण्याआधी तो जपायला हवाय की खेळायला, हे स्वतःशी ठरवून घ्या. खेळायला हवा असेल तर झिजलेल्या लेबलची, बिनखोक्याची पण अस्सल कॅसेट शोधा. ती स्वस्त मिळते आणि बटण दाबलं की चालूही होते.